३० मिलिग्रॅमचा आकडा आला कुठून? आणि तो मोजायला उशीर झाला तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये एक आकडा आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याच्या वर गेलात आणि गाडी चालवताना सापडलात, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १५ हजार, किंवा दोन्ही. नाकाबंदीत पोलीस जे मशीन तोंडापुढे धरतात, ते हाच आकडा शोधत असतं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे कारने दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला. गाडी चालवत होता तो १७ वर्षांचा मुलगा, असं पोलिसांचं म्हणणं. निबंध, पैसा, वशिला यावर तेव्हापासून भरपूर लिहून झालंय. मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझं रोजचं काम डेटाचं. त्यामुळे मला त्या प्रकरणातला दुसराच भाग खटकत राहिला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा आणि रक्ताचा पहिला नमुना घेतला गेला सकाळी अकराच्या आसपास. पुढे हा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. पण समजा नमुना बदललाच नसता, तरी त्या रक्ताने काय सांगितलं असतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर हा आकडा कायद्यात कसा आला, ते आधी बघायला हवं.

‘प्यायलाय’ हे ठरवायचं कसं?

पूर्वी हे काम नाक आणि डोळे करायचे. तोंडाला वास येतोय, चाल अडखळतेय, डोळे तारवटलेत, म्हणजे गडी प्यायलाय. गंमत म्हणजे यावर सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्येच बोट ठेवलंय, आणि तेही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या यावरून डॉक्टरने काढलेला निष्कर्ष पुरेसा नाही, रक्त किंवा लघवीची तपासणी झालेली नाही, असं म्हणत कोर्टाने ड्रायव्हरला संशयाचा फायदा दिला होता.

नाकाच्या जागी आकडा आणायचं काम स्वीडनच्या एरिक विडमार्क या शास्त्रज्ञाने केलं. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तातलं अल्कोहोल मोजायची पद्धत त्याने १९२२ मध्ये मांडली. पोटात गेलेल्या दारूचं रक्तात किती प्रमाण होतं आणि ते कुठल्या वेगाने उतरतं, याचं गणितही त्याचंच. शेजारच्या नॉर्वेने १९३६ मध्ये रक्तातल्या प्रमाणाची मर्यादा थेट कायद्यात घातली: ५० मिलिग्रॅम. ड्रायव्हर झिंगलेला दिसत होता की नाही हा वाद संपला. आकडा ओलांडला की गुन्हा.

राहिला प्रश्न रस्त्यावर मोजायचा. सुई घेऊन पोलीस उभे करता येत नाहीत. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलिसांत काम केलेल्या रॉबर्ट बोर्केन्स्टाइनने १९५४ मध्ये श्वासावरून मोजणारं मशीन बनवलं. तेव्हा त्यात पिवळं पोटॅशियम डायक्रोमेट असायचं, अल्कोहोल लागलं की त्याचा रंग पालटायचा. आजच्या हातातल्या मशीनमध्ये बहुधा फ्युएल सेल असतो. श्वासातलं अल्कोहोल प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर जळतं, त्यातून बारीक वीज तयार होते, आणि वीज जितकी जास्त तितकं अल्कोहोल जास्त.

मशीन रक्ताला हात लावत नाही, मग रक्ताचा आकडा कसा सांगतं? यामागे एक गृहीतक आहे: फुफ्फुसातून खोलवरून आलेल्या २१०० मिलिलिटर श्वासात जितकं अल्कोहोल, तितकंच १ मिलिलिटर रक्तात. या हिशोबाने आपली ३० मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे एक लिटर श्वासात साधारण ०.१४ मिलिग्रॅम. हे २१०० सगळ्या माणसांना अगदी तंतोतंत लागू होत नाही, माणसागणिक थोडं इकडेतिकडे होतं. ब्रिटनमध्ये यासाठी २३०० धरतात. शिवाय नुकताच माउथवॉश केला असेल तर तोंडातलंच अल्कोहोल मोजलं जातं, म्हणून नीट टेस्ट करायची तर १५ मिनिटं थांबावं लागतं. थोडक्यात, नाकाबंदीतलं मशीन म्हणजे चाळणी. वाद झाला तर पक्कं उत्तर रक्ताचं.

पेगचा हिशोब

विडमार्कचं सूत्र सोपं आहे. पोटात गेलेलं अल्कोहोल ग्रॅममध्ये घ्या, त्याला वजन आणि एका गुणकाच्या गुणाकाराने भागा. गुणक पुरुषांसाठी साधारण ०.६८, बायकांसाठी ०.५५. शरीरात पाण्याचा वाटा कमी-जास्त असल्यामुळे हा फरक पडतो.

६० मिलिलिटरचा एक लार्ज पेग घ्या. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते होतं साधारण ४३ मिलिग्रॅम. ५५ किलोच्या बाईच्या रक्तात तोच पेग ६७ च्या घरात जातो. ‘मी काय, फक्त बिअर घेतली’ म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे जवळपास ४१ ग्रॅम अल्कोहोल, त्या ७० किलोच्या पुरुषाला ८५ च्या पुढे नेणारं. म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट.

हे रिकाम्या पोटीचे कागदी आकडे आहेत. जेवण, पिण्याचा वेग, तब्येत यांनी ते बदलतात. त्यामुळे ‘माझं गणित २८ येतंय, चला निघू’ असा याचा उपयोग करू नका.

उतरण्याचा वेगही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम साफ करतं. कुणाचं १०, कुणाचं २०-२५. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

धोका किती वाढतो, हे कसं कळलं?

रक्तातलं प्रमाण मोजता आलं. पण किती प्रमाणाला किती धोका? अपघात केलेल्यांपैकी किती जण प्यायलेले होते, एवढं मोजून भागत नाही. कारण त्या वेळी त्याच रस्त्यावरून नीट घरी गेलेल्यांतही प्यायलेले असतील. तुलनेला दुसरा गट हवा.

हे काम मोठ्या प्रमाणावर केलं ते पुन्हा बोर्केन्स्टाइननेच. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात त्याच्या टीमने अपघातात सापडलेले जवळपास ६ हजार ड्रायव्हर आणि तशाच ठिकाणी, तशाच वेळी थांबवलेले साडेसात हजार इतर ड्रायव्हर यांची श्वास तपासणी केली. १९६४ मध्ये निष्कर्ष आले. प्रमाण वाढतं तसा धोका वाढतो, आणि ८० च्या पुढे तर तो झपाट्याने वर जातो. ब्रिटनने १९६७ च्या कायद्यात ८० ची मर्यादा घातली, त्यामागे या अभ्यासाचं मोठं बळ होतं.

पण त्या डेटात एक विचित्र खळगा होता. अगदी थोडी घेतलेल्यांचा धोका मुळीच न घेतलेल्यांपेक्षा किंचित कमी दिसत होता. म्हणजे एक पेग मारून गाडी चांगली चालते? पिणाऱ्यांना हे ऐकायला आवडलं असणार. १९६६ मध्ये ब्रिटनच्या रिचर्ड ऑलसॉपने तोच डेटा पुन्हा फोडून पाहिला. न प्यायलेल्यांच्या गटात क्वचितच पिणारे लोक जास्त होते आणि त्यांचा अपघाताचा धोका इतर कारणांनी आधीच जास्त होता. क्वचित पिणाऱ्यांची तुलना क्वचित पिणाऱ्यांशी आणि रोज पिणाऱ्यांची रोज पिणाऱ्यांशी केली, तर प्रत्येक गटात धोका सुरुवातीपासूनच चढत होता. डेटा सायन्सवाले याला सिम्पसन्स पॅरॅडॉक्स म्हणतात: एकत्र बेरीज एक सांगते, गट सुटे केले की उलटं दिसतं.

नंतर अमेरिकेतच लाँग बीच आणि फोर्ट लॉडरडेल या दोन शहरांत असाच, पण जास्त काटेकोर अभ्यास झाला. २००५ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात, न प्यायलेल्याच्या तुलनेत धोका ५० मिलिग्रॅमला सुमारे १.४ पट, ८० ला २.७ पट, १०० ला जवळपास ५ पट आणि १५० ला २२ पट निघाला. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पळून गेलेल्या आणि टेस्टला नकार दिलेल्या ड्रायव्हरांना संशोधकांनी सोडून दिलं नाही. पळालेल्यांपैकी काही जण लगेच पकडले गेले, तेव्हा त्यांच्यात अल्कोहोलचं प्रमाण बरंच जास्त निघालं. म्हणजे जे मोजले जात नाहीत, तेच बहुधा जास्त प्यायलेले. हे हिशोबात धरल्यावर धोक्याचे आकडे आणखी वर गेले.

चढ विज्ञानाचा, रेघ समाजाची

वरचे आकडे पुन्हा बघा. कुठेही पायरी नाही, नुसता चढ आहे. २९ ला सुरक्षित आणि ३१ ला धोकादायक असं शरीरात काही घडत नाही. चढ कसा आहे ते विज्ञान सांगतं. रेघ कुठे मारायची, हे समाजाने ठरवायचं असतं. म्हणूनच इंग्लंडमध्ये ८०, युरोपातल्या बऱ्याच देशांत ५०, स्वीडनमध्ये २०. जर्मनीत २१ वर्षांखालच्या आणि नवख्या ड्रायव्हरांना शून्य, कारण त्याच प्रमाणाला त्यांचा धोका अनुभवी ड्रायव्हरपेक्षा जास्त असतो.

आपल्याकडे १९८८ च्या मूळ कायद्यात ‘कितीही थोडं’ अल्कोहोल असलं तरी गुन्हा, असं होतं. १९९४ च्या दुरुस्तीने ३० चा आकडा आला. २००० साली अमेरिकेत तपासण्यांच्या शंभरहून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला गेला. एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवण्यासारखी कौशल्यं अगदी कमी प्रमाणालाही ढिली पडतात, असं त्यात दिसलं. समोरची रिक्षा, डावीकडून घुसणारी बाइक आणि मधला खड्डा हे एकदम सांभाळणं म्हणजे आपलं रोजचं ड्रायव्हिंग. त्यामुळे ३० ही काही जाचक रेघ नाही. कलम १८५ मध्ये शिकाऊ पोरापासून एसटी ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना एकच आकडा आहे, यावर मात्र बोलायला हवं.

रेघ खाली आणली की अपघात कमी होतात?

इथे पुरावा सरळ नाही. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये मर्यादा ८० वरून ५० वर आणली. ग्लासगोच्या संशोधकांनी इंग्लंड-वेल्सशी तुलना करून पाहिलं, तर अपघातांत घट दिसली नाही. नवा आकडा आला, पण त्याच्या जोडीला तपासणी वाढली नाही, हे त्याचं एक संभाव्य कारण. अमेरिकेत युटा राज्याने २०१८ च्या शेवटी मर्यादा ८० वरून ५० केली. तिथे २०१९ मध्ये जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २०१६ च्या तुलनेत जवळपास २० टक्क्यांनी उतरलं, बाकीच्या देशात साडेपाच टक्क्यांच्या आसपास.

तिसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं. तिथे डिसेंबर १९८२ पासून संशय असो-नसो, कुणालाही थांबवून श्वास तपासायला सुरुवात झाली आणि जीवघेणे अपघात लक्षणीय कमी झाले. रॉस होमेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी यातून काढलेलं सार असं: लोक शिक्षेच्या आकड्यापेक्षा पकडले जाण्याच्या शक्यतेला जास्त घाबरतात. दंड २ हजारांचा १० हजार झाला काय, आपल्याला कोणी थांबवणारच नाही याची खात्री असेल तर फरक पडत नाही.

घोडं घड्याळापाशी पेंड खातं

आता पुण्याकडे परत येऊ. त्या रात्री कोणी किती घेतली हे मला माहीत नाही, तो विषय कोर्टाचा. मी एका काल्पनिक ड्रायव्हरचं गणित मांडतो.

अपघात पहाटे अडीचला. त्या वेळी रक्तात १२० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या चौपट. रक्त घेतलं सकाळी अकराला. मधे साडेआठ तास. तासाला १५ ने साडेआठ तासांत सुमारे १२७ मिलिग्रॅम साफ. रिपोर्ट येणार: शून्य. रिपोर्ट खरा, लॅब प्रामाणिक, डॉक्टर सज्जन, तरीही उत्तर चूक. नमुना बदलायची गरजच नाही, नुसता उशीर पुरतो.

रक्तात थोडं जरी शिल्लक असेल, तरी मागे मोजत जाऊन अपघाताच्या वेळचा अंदाज बांधता येतो. पण उतरण्याचा वेग माणसागणिक १० ते २५, त्यामुळे पाच तास मागे गेलं की उत्तर ५० ते १२५ मिलिग्रॅमच्या फरकाने हलतं. एवढ्या फटीतून कुठलाही चांगला वकील अशिलाला आरामात बाहेर काढेल.

म्हणून इतर देशांच्या कायद्यांत घड्याळ धरलेलं असतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत गाडी चालवल्यापासून दोन किंवा तीन तासांच्या आत घेतलेला नमुना ग्राह्य धरायची तरतूद आहे. ब्रिटनमध्ये नमुन्यात जेवढं सापडलं, तेवढं तरी घटनेच्या वेळी होतंच, असं कोर्ट धरून चालतं. आपल्या कायद्यातही दोन तास आहेत. कलम २०२ सांगतं की कलम १८५ खाली अटक केल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या माणसाला सोडावं लागेल. नीट वाचा: अटकेपासून. अपघातापासून नाही. ही मुदत आरोपीच्या हक्कासाठी आहे आणि ती हवीच. पण पुराव्याच्या घड्याळाबद्दल कलम २०३ फक्त एवढंच म्हणतं की श्वासाची टेस्ट शक्य तितक्या लवकर करावी. ‘शक्य तितक्या लवकर’ याचा कोड लिहायला मला सांगितलं, तर मी आधी विचारेन: म्हणजे किती मिनिटं?

नमुन्याच्या प्रवासाचंही तेच. सुई टोचायच्या आधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही, नाहीतर तेच अल्कोहोल मोजलं जाण्याची भीती. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर जंतूंमुळे अल्कोहोल वाढू किंवा घटू शकतं. सील, सही, वेळ, आणि कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेलं याची नोंद हवी. पुण्यात ससून हॉस्पिटलमध्ये नमुना बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. तो संशय पक्का झाला तोही विज्ञानामुळेच: दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळेना. आरोप खरे की खोटे ते कोर्ट ठरवेल. पण डीएनए कोणाचं रक्त हे सांगतो. पहाटे अडीचला त्यात काय होतं, हे तो सांगू शकत नाही. ती माहिती कायमची गेली, तिचा बॅकअप कुठेही नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

केंद्राच्या रस्ते अपघात अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातले दारू किंवा अमली पदार्थांमुळे गेलेले म्हणून नोंदले गेले ते ४ हजारांच्या थोडे वर, म्हणजे साधारण अडीच टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के अपघातांत निदान एका ड्रायव्हरच्या रक्तात ८० किंवा जास्त होतं. दोन देशांच्या पिण्याच्या सवयी वेगळ्या, व्याख्या वेगळ्या, सरळ तुलना करता येणार नाही. पण मोजण्याच्या पद्धतीतला फरक बघा. अमेरिकेत ज्या ड्रायव्हरची टेस्ट झालेली नाही, त्याला ‘न प्यायलेला’ धरत नाहीत. इतर माहितीवरून त्याचा संख्याशास्त्रीय अंदाज भरतात. आपल्याकडे कलम २०३ नुसार अपघातानंतरची टेस्टसुद्धा पोलिसाला संशय आला तर. संशय आला नाही किंवा येऊ दिला नाही, की तो रकाना रिकामा. आणि रिकामा रकाना अहवालात ‘अतिवेग’ म्हणून निघून जातो. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कोणालाही विचारा: नल आणि शून्य यांत गल्लत केली की सगळी रिपोर्ट खोटी पडते.

कायदा संशोधनावर उभा राहायचा, तर संशोधनाला आधी डेटा लागतो. वरचे सगळे आकडे मिशिगन, कॅलिफोर्निया, फ्लोरिडातल्या कारवाल्यांचे आहेत. आपल्याकडे रस्त्यावर मरणाऱ्यांत जवळपास ४४ टक्के दुचाकीवरचे. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला ३० मिलिग्रॅम किती महाग पडतं, याचं उत्तर लाँग बीचमधून कसं मिळणार?

म्हणून मला दंड आणखी वाढवण्यापेक्षा तीन गोष्टी जास्त गरजेच्या वाटतात. जीवघेण्या किंवा गंभीर अपघातात प्रत्येक ड्रायव्हरची टेस्ट, संशय असो वा नसो. न्यू साउथ वेल्समध्ये अपघातात जखमी होऊन हॉस्पिटलमध्ये आलेल्यांचं रक्त घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. दुसरं, नमुन्याची वेळ अपघातापासून मोजायची आणि उशीर झाला तर त्याचं कारण अधिकाऱ्याने लेखी द्यायचं. तिसरं, श्वासाच्या मशीनमधली प्रत्येक नोंद वेळ आणि ठिकाणासकट सर्व्हरवर जायची आणि कोणालाही मागाहून बदलता न येणारी असायची. यातलं तिसरं काम तर आमच्या धंद्यातलं, फार अवघड नाही.

३० चा आकडा चांगला आहे. त्यामागे शंभर वर्षांची मेहनत आहे. पण तो मोजला गेला नाही तर कायद्याच्या पुस्तकात नुसता छापलेला राहतो, आणि यकृत आपलं काम तासाला पंधराच्या वेगाने करत राहतं. ते ना पोलिसांची वाट बघतं, ना पंचनाम्याची.